सवलतीची दहावी : काय मिळते, काय सुटते

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागातल्या घरांत दहावीचे वर्ष एकट्या मुलाचे नसते, सगळ्या घराचे असते. घरातले मूल अंध, कर्णबधिर, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेले किंवा शाळांच्या बोलीत ‘एल.डी.’, म्हणजे अध्ययन अक्षम असेल, तर या वर्षाभोवती ऐकीव माहितीही भरपूर जमते. कोणी सांगते, सवलत घेतली की गुणपत्रिकेवर कायमचा डाग लागतो. कोणी सांगते, मिळेल ती प्रत्येक सवलत पदरात पाडून घ्या. दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. कारण परीक्षेतल्या सवलती एका जातीच्या नाहीत, दोन जातींच्या आहेत. जादा वेळ, लेखनिक, मोठ्या टायपातली प्रश्नपत्रिका या सवलती परीक्षा देण्याची रीत बदलतात, अभ्यासक्रमाला हात लावत नाहीत. एखादी भाषा सोडणे किंवा खालच्या इयत्तेचे गणित घेणे या सवलती मात्र मूल काय शिकले तेच बदलतात. पहिल्या जातीच्या सवलतीने मुलाचे काहीही सुटत नाही. दुसऱ्या जातीच्या सवलतीने काहीतरी मिळते आणि काहीतरी सुटतेही. हा फरक हाताशी ठेवून प्रचलित गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : दिव्यांग मुलांना वेगळे, कमी दर्जाचे प्रमाणपत्र मिळते.

महाराष्ट्रात दिव्यांग मुलांसाठी वेगळी दहावी नाही. 1966 साली स्थापन झालेल्या राज्य मंडळाची माध्यमिक शालान्त परीक्षा सर्वांना एकच आहे. वरळीच्या हॅपी होम अंध शाळेतला मुलगा आणि दादरच्या एखाद्या नेहमीच्या शाळेतली मुलगी त्याच मंडळाची परीक्षा देतात. हा समज बाहेरूनही पोसला जातो, कारण अमेरिकेतल्या काही राज्यांत दिव्यांग विद्यार्थ्याला नेहमीच्या पदविकेऐवजी केवळ शिक्षणक्रम पूर्ण केल्याचा दाखला दिला जाऊ शकतो आणि पुढच्या शिक्षणासाठी तो पदविकेच्या तोडीचा ठरत नाही. तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकलेले हे नियम आपल्याकडे लागू नाहीत. पालकांनी इथे वेगळ्याच गोष्टीबाबत सावध राहायला हवे. विशेष शाळेचा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ आणि मंडळाचे दहावी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र या दोन निराळ्या वस्तू आहेत. मूल सोळा-सतरा वर्षांचे होईपर्यंत शाळेत गेले म्हणून त्याची दहावी झाली असे होत नाही. शाळा मुलाला कोणत्या मंडळाच्या परीक्षेला बसवते, की बसवतच नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारावे.

गैरसमज २ : जादा वेळ आणि लेखनिक म्हणजे इतर मुलांवर अन्याय.

हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. इतिहासाच्या पेपरात मुलाचे इतिहासाचे ज्ञान तपासायचे असते. हाताच्या स्नायूंचा वेग किंवा डोळ्यांची ताकद तपासणे हा त्या पेपराचा हेतू नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला उत्तर येत असूनही ते वेळेत उतरवता येत नसेल, तर जादा वेळ न दिल्याने परीक्षाच चुकीची गोष्ट मोजू लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत भरपाईचा वेळ तासाला किमान 20 मिनिटे ठेवला आहे. म्हणजे तीन तासांच्या मराठीच्या पेपराला एक तास आणि दोन तासांच्या गणित भाग 1 ला 40 मिनिटे. लेखनिकच उत्तरे सांगेल ही भीतीही नियमांनी लक्षात घेतली आहे. त्याच सूचनांत उमेदवाराने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण उमेदवाराच्या शिक्षणापेक्षा एक पायरी कमी असावे अशी अट होती. प्रत्यक्षात लेखनिकाचा फायदा घेणे हेही शिकावे लागणारे कौशल्य आहे. तोंडी सांगताना परिच्छेद कसे पाडायचे, आकृती कशी काढून घ्यायची, शुद्धलेखन कुठे सांगायचे, याचा सराव नववीपासून नसेल, तर फेब्रुवारीत अचानक शेजारी बसलेला अनोळखी लेखनिक मदतीपेक्षा गोंधळच वाढवतो.

गैरसमज ३ : 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र नसेल तर काहीच मिळत नाही.

हा समज एकेकाळी बराचसा खरा होता. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. 2016 च्या कायद्याने ही संख्या 21 केली. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यांत आल्या. महाराष्ट्र मंडळाने तर अध्ययन अक्षम मुलांना 1990 च्या दशकापासूनच सवलती द्यायला सुरुवात केली होती. 40 टक्के हा आकडा लक्षणीय दिव्यांगत्वाचा आहे. आरक्षणासारख्या काही तरतुदींसाठी तो लागतो. परंतु 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसंबंधीच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितले की लेखनिकाचा हक्क केवळ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांपुरता मर्यादित ठेवता येणार नाही. त्या खटल्यातल्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत असत. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्राने 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. अर्थात वैद्यकीय दाखला तरीही लागतोच. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि सायनचे लोकमान्य टिळक ही पालिकेची रुग्णालये या भागातल्या पालकांच्या परिचयाची आहेत. तपासणीला अनेक फेऱ्या लागतात, म्हणून दहावीच्या दिवाळीत धावाधाव करण्यात अर्थ नाही. आणखी एक तपशील बऱ्याच घरांत निसटतो. 2018 च्या केंद्रीय सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. चौदावे वर्ष बहुतेक मुलांच्या बाबतीत आठवी-नववीत येते. तिसरीतला जुना कागद दहावीला पुरेल या भरवशावर राहू नये.

गैरसमज ४ : मिळतील तेवढ्या सगळ्या सवलती घ्याव्यात.

दोन जातींच्या सवलतींतला फरक सर्वांत महाग पडतो तो इथे. अध्ययन अक्षम मुलांच्या सवलतींत शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्र आणि जादा वेळ यांच्याबरोबरच एक भाषा सोडून कार्यानुभव घेणे आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित व कार्यानुभव घेणे यांचाही समावेश राहिला आहे. या सवलतींनी मुलांचे भले झाले यात शंका नाही. सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2006 मध्ये बालरोगशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सवलती घेतलेल्या मुलांचे दहावीचे गुण आधीच्या वार्षिक परीक्षेपेक्षा लक्षणीय वाढलेले आढळले. मात्र असा निष्कर्ष वाचताना भान ठेवावे. अवघड विषय बदलल्यावर टक्केवारी वाढणारच, आणि टक्केवारी वाढली म्हणून पुढची वाट रुंदावली असे होत नाही. ज्याने बीजगणित आणि भूमिती सोडली, त्याला अकरावीच्या विज्ञान शाखेतले गणित आणि त्यावर उभे असलेले अभियांत्रिकीचे मार्ग जवळपास बंद होतात. कोणी म्हणेल, गणितात नापास होऊन वर्ष घालवण्यापेक्षा हे बरे. ज्या मुलाची अक्षमता अंकांशीच निगडित आहे आणि ज्याचा कल चित्रकला, वाणिज्य किंवा पाककलेकडे आहे, त्याच्याबाबत हे म्हणणे पूर्ण पटण्यासारखे आहे. त्याला दोन वर्षे भूमितीखाली दडपण्यात काहीच शहाणपण नाही. पण अंध मुलीला आकृत्या दिसत नाहीत म्हणून तिला गणित सोडायला लावणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे उणीव मुलीच्या बुद्धीत नाही, आपण पुरवलेल्या साधनांत आहे. अंधांसाठीच्या टेलर फ्रेमवर आकडेमोड होते, उठावाच्या आकृत्यांवरून बोट फिरवून भूमिती शिकता येते. धोबी तलावाच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिदिव्यांगांसाठीचे केंद्र 2003 पासून अशा साधनांवर काम करते आहे. म्हणून रीत बदलणारी सवलत गरज असल्यास नि:शंक घ्यावी. आशय बदलणारी सवलत घेण्यापूर्वी मात्र बारावीनंतर मुलाला कुठे जायचे आहे, हे त्याच्याशीच बसून बोलावे.

गैरसमज ५ : मुक्त शाळेची दहावी कोणी मानत नाही.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, 1989 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने सुरू केली. ते राष्ट्रीय पातळीवरचे मंडळ आहे. तिची दहावी अकरावीच्या प्रवेशाला चालते. वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो. पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात आणि त्यांत किमान एक भाषा लागते. गणित आणि विज्ञान सक्तीचे नाहीत. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे वर्षाला एक-दोन विषय सोडवत जाता येते. राज्य मंडळात उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडे वळवूनही घेता येतात. कर्णबधिर मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषा हा विषयही तिथे आहे. ज्या मुलाची ऊर्जा एकाच महिन्यात सहा विषयांच्या परीक्षेने संपून जाते, त्याच्यासाठी ही रचना खरोखर उपकारक आहे. तरीही तिचे एक दुसरे अंग आहे. रोजची शाळा, मैदान, बाकावरचा सोबती या गोष्टी मुक्त शाळा देत नाही. घरात शिकवणारे कोणी नसेल तर नऊ संधीही वाया जातात. आणि शाळेने आपला शंभर टक्के निकाल राखण्यासाठी नववीतल्या मुलाला ‘तिकडे न्या’ असे सांगणे हा सल्ला नसून नकार आहे. 2016 च्या कायद्याचे कलम 16 मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता दिव्यांग मुलांना सामावून घ्यायला सांगते. मुक्त शाळा हा पालकांनी निवडायचा पर्याय आहे. शाळेने तो लादू नये.

गैरसमज ६ : बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर दहावी होत नाही, मग शाळेत ठेवून काय उपयोग?

काही मुलांना दहावी झेपणार नाही हे खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र त्यावरून शिक्षणच थांबवणे हा कायद्याचाही भंग आहे आणि मुलाचेही नुकसान. 2016 च्या कायद्याच्या कलम 31 नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिवडीची जय वकील शाळा 1944 पासून याच मुलांसाठी उभी आहे. एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन टप्पे आहेत. त्यामुळे प्रमाणपत्राची वाट दहावीपाशीच सुरू होते असे नाही. पैसे मोजता येणे, बसचा क्रमांक वाचता येणे, एखादे काम आठ तास टिकून करता येणे, हे या मुलांसाठी शिक्षणाचे खरे फळ आहे.

या सगळ्यातून एकच निष्कर्ष निघतो. दिव्यांग मुलाचे नुकसान परीक्षेच्या खोलीत क्वचित होते, ते दोन वर्षे आधी न विचारलेल्या प्रश्नांमुळे होते. म्हणून मूल आठवीत गेले की मुख्याध्यापकांकडे जा. कोणत्या मंडळाची परीक्षा, कोणता दाखला आणि कोणत्या तारखेपर्यंत, कोणती सवलत केवळ रीत बदलते आणि कोणत्या सवलतीने विषय सुटतो, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. त्या भेटीला मुलालाही बरोबर न्या. दहावी त्याची आहे.