परदेशी कंपनी दारात येते तेव्हा ‘इन्व्हेस्ट इंडिया’ काय करते, काय करत नाही

गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या दोन सभासदांनी आमच्याकडे जवळजवळ सारखाच प्रश्न आणला. एकाचं उद्यमबागेत मशीन शॉप आहे. ते ज्या जर्मन कंपनीला सुटे भाग पुरवतात, तीच आता बेळगावात भागीदारीत कारखाना काढू या म्हणते. दुसऱ्यांचा भाचा दुबईत आहे आणि त्याला मामाच्या फाउंड्रीत पैसे घालायचे आहेत. दोघांनाही कुणीतरी सांगितलं होतं, ‘दिल्लीत इन्व्हेस्ट इंडिया आहे, ते सगळं करून देतात.’ हे ‘सगळं’ म्हणजे नेमकं किती, ते इथे मांडत आहोत.

इन्व्हेस्ट इंडिया 2009 साली स्थापन झाली. केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयातला उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभाग तिचा पालक. पण ती सरकारी खातं नव्हे, ना-नफा तत्त्वावरची कंपनी आहे आणि तिच्यात निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा उद्योगसंघटनांचा आहे. परदेशी गुंतवणूकदाराला भारतात आणणं, त्याला वाट दाखवणं आणि आल्यावर त्याच्या अडचणी योग्य दारापर्यंत पोचवणं, हे तिचं काम. त्यासाठी ती फी घेत नाही. तेव्हा तिचं नाव सांगून कुणी ‘फाइल पुढे सरकवायचे’ पैसे मागितले, तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवावं.

अशी संस्था लागतेच कशाला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. 1973 च्या परकीय चलन कायद्यानंतर परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करायला सांगितलं गेलं आणि 1977-78 च्या सुमारास कोका-कोला व आयबीएम भारतातून निघून गेल्या. जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणाने दार उघडलं, तरी बऱ्याच प्रस्तावांना परकीय गुंतवणूक प्रोत्साहन मंडळापुढे जावंच लागे. ते मंडळ सरकारने 2017 मध्ये बरखास्त केलं. आज बहुतेक क्षेत्रांत परदेशी पैसा ‘ऑटोमॅटिक रूट’ने येतो, म्हणजे आधी परवानगी लागत नाही. काही क्षेत्रांत ठरावीक टक्क्यांच्या पुढे संबंधित मंत्रालयाची मान्यता लागते. संरक्षण उत्पादनात ही रेषा 2020 पासून 74 टक्क्यांवर आहे. लॉटरी, जुगार, चिट फंड, सिगारेट उत्पादन यांना दार बंदच आहे. शिवाय एप्रिल 2020 मध्ये सरकारने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला, क्षेत्र कुठलंही असो, आधी मान्यता सक्तीची केली.

यातली एकही मान्यता देणं इन्व्हेस्ट इंडियाच्या हातात नाही, आणि गैरसमज होतो तो इथेच.

मग ती करते काय? त्या जर्मन कंपनीचंच उदाहरण घेऊ. तिने चौकशी केली की तिच्या क्षेत्राची माहिती असलेला एक अधिकारी तिच्यासाठी नेमला जातो. किती टक्के हिस्सा घेता येईल, कोणत्या सवलतीच्या योजना लागू होतात, कुठल्या राज्यात कच्चा माल, बंदर आणि कामगार जवळ आहेत, हे तो सांगतो. औद्योगिक वसाहतींतल्या जमिनींचा नकाशा 2020 पासून एकाच ठिकाणी पाहायला मिळतो. सप्टेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय एक-खिडकी प्रणाली सुरू झाली; आपल्या उद्योगाला कोणकोणते परवाने लागतील ते तिथे कळतं आणि त्यातल्या बऱ्याच परवान्यांसाठी अर्जही तिथूनच करता येतो. जपानी कंपन्यांसाठी 2014 पासून आणि कोरियन कंपन्यांसाठी 2016 पासून स्वतंत्र कक्ष आहेत. परक्या मुलखात आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटला की निम्मी भीती जाते, हे आपल्यासारख्या सीमाभागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आमच्या मते या संस्थेची खरी परीक्षा मार्च 2020 मध्ये झाली. टाळेबंदी लागली आणि कारखानदारांना रोज नवे प्रश्न पडू लागले. कामगारांना पास कुठे मिळणार, ट्रक राज्याच्या सीमेवर अडला तर कुणाला सांगायचं, आपला उद्योग ‘अत्यावश्यक’मध्ये येतो का? इन्व्हेस्ट इंडियाने त्याच महिन्यात यासाठी वेगळी व्यवस्था उभी केली, आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने त्या कामाची दखल घेतली. नवा पाहुणा आणण्याइतकंच आलेल्याला सांभाळणंही मोठं असतं. त्याला आकड्यांचाही आधार आहे. 2024-25 मध्ये भारतात सुमारे 81 अब्ज डॉलरची थेट परकीय गुंतवणूक आली. पण परदेशी कंपन्यांनी परत नेलेला पैसा आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवलेला पैसा वजा केला, तर निव्वळ आकडा अगदीच थोडा उरला. बाहेर गेलेलं सगळंच वाईट असं नाही. शेअर बाजार तेजीत असताना जुन्या गुंतवणूकदाराने नफा घेऊन हिस्सा विकला, हेही त्यात आलं. तरी फक्त 81 चा आकडा मिरवणाऱ्या बातम्या जपूनच वाचाव्यात.

आयर्लंडची आयडीए ही याच कामासाठी 1949 साली निघालेली संस्था. ती कंपन्यांना थेट अनुदान देऊ शकते, जागा आधीच तयार करून ठेवते. एवढे अधिकार असूनही 2009 मध्ये डेलने लिमरिकमधलं उत्पादन पोलंडला हलवलं आणि सुमारे 1900 नोकऱ्या गेल्या. आपल्या इन्व्हेस्ट इंडियाकडे तर ना तिजोरी ना जमीन. जमीन, पाणी, वीज आणि प्रदूषण मंडळाची संमती राज्याकडे असते. कर्नाटकात हा भाग ‘कर्नाटक उद्योग मित्र’ सांभाळतं. पंधरा कोटींपर्यंतचा प्रकल्प जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीपुढे जातो, त्यावरचा बंगळूरला. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचं काम दिल्लीत नसून बेळगावातच आहे.

कंपन्या शेवटी कशाकडे पाहून येतात, याचं उदाहरण पुणे-बंगळूर महामार्गावर हत्तरगीला आहे. तिथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात स्वीडनची साब आणि कॅनडाची मॅगेलन यांनी एका भारतीय कंपनीशी भागीदारी करून विमानांच्या सुट्या भागांचं काम उभं केलं. अशा कंपनीला माहितीपत्रक कुणीही देईल. तिला हवा असतो तो मोजमापात न चुकणारा कारागीर आणि हिशोब स्वच्छ ठेवणारा भागीदार, आणि हे दोन्ही शोधायला ती गावातच उतरते.

आता भाच्याच्या पैशांबद्दल. अनिवासी भारतीयाने मुद्दल परदेशी परत नेण्याचा हक्क न ठेवता पैसे घातले, तर 2019 च्या नियमांनुसार ती गुंतवणूक देशांतर्गत मानली जाते. ती प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्ममध्येही करता येते. शेती आणि जमीनजुमल्याच्या व्यवहाराला मात्र हे चालत नाही. अशा पैशासाठी इन्व्हेस्ट इंडियाकडे जायची गरजच नाही.

जर्मन भागीदाराचं तसं नाही. त्याच्यासाठी आधी फर्मची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी करून घ्यावी लागेल. कंपनी केली, तर पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर वाटप व्हायला हवं, आणि वाटपानंतर 30 दिवसांत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म जायला हवा. शेअरच्या किमतीचं मूल्यांकनपत्र सोबत लागतं. मुदत चुकली तर विलंब शुल्क बसतं. आमच्या पाहण्यात लहान कारखानदार अडकतात ते याच टप्प्यावर, कारण पैसे खात्यात जमा झाले की काम संपलं असं वाटतं. म्हणून करारावर सही करण्याआधीच परकीय चलनाच्या नियमांचं काम केलेला सीए गाठावा. नेहमीचे जीएसटीवाले सीए कितीही घरचे असले, तरी हे काम वेगळं आहे.