चांदी काळी पडली. दोष सराफाचा की कापडाचा?

चांदी काळी पडली म्हणजे सराफाने फसवले, असा समज आपल्या घरोघरी आहे. कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली, तरी याच समजापायी मी एका सराफाशी भांडून बसलो. म्हणून हा विषय कारोबारी बांधवांपुढे मांडत आहे.

माझी धाकटी बहीण चिपळूणला दिलेली आहे. भाचीच्या निकाहसाठी मी आमच्या गावच्या सराफाकडून 925 ची पायल, कमरपट्टा आणि एक सुरमेदाणी घेऊन ठेवली. सोबत दुकानातला दोन मीटर काळा मांजरपाट पाठवला. काळ्या कापडावर मळ दिसत नाही, हा सल्लाही माझाच. पावसाळा संपल्यावर पोटली सोडली तर चांदी शाईत बुडवल्यासारखी! बहिणीचा फोन आला, "भाईजान, पितळ तर नाही ना दिले?" मी तडक सराफाकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत नको ते बोललो. त्या भल्या माणसाने उलट शब्द न काढता पायल मशीनवर तपासली. चांदी शेकडा साडेब्याण्णव, पुरी. मग त्याने एवढेच विचारले, "शेठ, माल गुंडाळला कशात होता?"

925 चा अर्थ हजार भागांत 925 भाग चांदी आणि बाकीचे 75 भाग बहुधा तांबे. नुसती चांदी मऊ, दागिना वाकतो, म्हणून तांबे घालावे लागते. काळेपणा येतो तो गंधकामुळे. हवेतल्या गंधकयुक्त वायूशी चांदीचा संयोग होऊन वर काळा थर बसतो. दमट हवेत हे काम झपाट्याने होते, म्हणून कोकणात त्रास जास्त. अंडी, कांदा, रबर, लोकर यांतही गंधक असते. तेव्हा हॉलमार्कचा अस्सल दागिनाही काळा पडणारच. त्यावरून माल खोटा ठरत नाही.

आता आमच्या कापडाकडे येऊ. स्वस्त काळे सुती कापड बहुतेक 'सल्फर ब्लॅक'मध्ये रंगवतात. रंगाऱ्याच्या हौदापाशी कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तो याच रंगाचा. असा काळा ठाण दमट गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिला की हाताने ओढताच फाटतो, हे आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले असेल. कापडात उरलेल्या गंधकाचे हळूहळू आम्ल होते आणि ते सूत खाते. ठाण फाटला की आपण गिरणीला शिव्या देतो, पण त्याच कापडात चांदी बांधताना मला हे आठवले नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन सराफाची माफी मागितली. आदल्या दिवशीची गिऱ्हाइके मात्र तेथे नव्हती, ही टोचणी अजून आहे.

काळी चांदी राखेने, रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासू नये. त्या काळ्या थरात चांदीच असते. घासली की ती राखेबरोबर मोरीत जाते आणि नक्षी बोथट होते. त्यापेक्षा भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची पन्नी अंथरावी, दागिना तिला टेकेल असा ठेवावा. लिटरभर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि चमचाभर मीठ विरघळवून वर ओतावे. काही मिनिटांत गंधक चांदीला सोडते आणि चांदी जागच्या जागी राहते. मग स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ कापडाने पूर्ण कोरडे करावे. बहिणीची पायल अशीच उजळली. मोती, पोवळे, फिरोजा, लाखेवर बसवलेले खडे आणि मुद्दाम काळसर केलेला ऑक्सिडाइज्ड माल मात्र या पाण्यात घालू नये. अशा दागिन्यांना ओलसर मऊ फडके पुरे. रोजच्या वापरातल्या पायलीला कोमट पाणी आणि साधा साबणही चालतो.

दारावर येऊन "दागिने चमकवून देतो" म्हणणाऱ्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका. त्यांच्या वाटीत तेजाब असते. दागिना चकाकतो आणि वजन त्यांच्या वाटीत उतरते.

ठेवण्यासाठी पांढरी मलमल उत्तम, पण कोऱ्या कापडाची खळ दोनदा धुऊन काढलेली असावी. प्रत्येक नग वेगळा गुंडाळून पॉलिथिनच्या बंद पिशवीत, हवा दाबून काढून ठेवावा. नव्या चपलांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी येते, ती टाकू नका, पिशवीत घाला. पुडीला रबरबँड लावू नये. चांदीवर नेमकी तेवढी काळी रेघ उमटते. वापरलेल्या दागिन्याचा घाम पुसल्याशिवाय तो आत ठेवू नये.

दागिन्यांच्या पोटल्या आणि डब्यांची अस्तरे शिवणारे कारागीर आपल्यात बरेच आहेत. काळे किंवा गर्द अस्तर घेताना रंग कोणता, हे व्यापाऱ्याला विचारा. त्याला सांगता आले नाही तर चांदीचा उजळ तुकडा त्या कापडात गुंडाळून बरणीत बंद करा आणि पावसाळ्याचे पंधरा दिवस थांबा. तुकडा काळवंडला तर ते कापड दुसऱ्या कामाला लावा. माझ्या दुकानात आता हा तुकडा गल्ल्याजवळच असतो. खऱ्या जरीच्या साड्यांसाठीही मी तेच करतो, कारण त्या जरीतही चांदीचीच तार असते आणि वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.