पर्जन्यकाळातील दुचाकीप्रवास आणि जलरोधक वस्त्राची निवड

कसबा बावड्यात पावसाळा मोजावयाची एक ठरलेली रीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आले एवढे सांगितले की पुढचे सारे ऐकणाराला समजते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी येथे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. पाणी चढू लागले की बावडा-शिये रस्ता बंद होतो आणि मग प्रवासाचा प्रश्नच उरत नाही. परंतु असे दिवस वर्षातून थोडेच. जून ते सप्टेंबर या काळातील बाकीच्या दिवशी बावड्यातील माणूस शिरोलीच्या कारखान्याकडे, शहरातील कचेरीकडे किंवा सागरमाळावरील विद्यापीठाकडे दुचाकीवरून जातच असतो, आणि त्यातील कितीतरी दिवशी तो भिजून पोहोचतो. पहिल्या तासाला ओल्या वस्त्रांनिशी बसलेला विद्यार्थी व्याख्यानाकडे कितपत लक्ष देऊ शकतो, हे अध्यापकवर्गास सांगावयास नको. तो भिजतो याचे कारण त्याच्यापाशी रेनकोट नसतो हे नव्हे. रेनकोट असूनही तो भिजतो, आणि त्याची कारणे पदार्थविज्ञानाच्या अगदी प्राथमिक तत्त्वांवरून उलगडता येतात. प्रस्तुत लेखात ती उलगडण्याचा विचार आहे.

पाऊस कोठून येतो, हा पहिला प्रश्न. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांत भातलावणीच्या वेळी वापरले जाणारे इरले पाहावे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा व त्यावर पानांचे आच्छादन असे ते साधन डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकते आणि समोरून पूर्ण उघडे असते. लावणी करणारी व्यक्ती चिखलात वाकलेली असते व तिच्या दृष्टीने पाऊस वरूनच पडतो. म्हणून पाठ झाकली की काम भागते. मेंढपाळाच्या घोंगड्याच्या खोळीचेही तेच. लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग स्निग्ध असल्यामुळे पाणी त्यावरून ओघळते, आणि तंतूच्या अंतर्भागात त्याच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा सामावला तरी तो अंगास जाणवत नाही. चिंचोक्याची खळ दिल्याने वीण आणखी घट्ट होते. दिवसभर हळूहळू चालणाऱ्या किंवा एका जागी उभ्या राहणाऱ्या माणसास याहून चांगले वस्त्र सुचविणे कठीण आहे. आता हीच खोळ पांघरून कोणी मोटारसायकलीवर बसला तर पहिल्या किलोमीटरात त्याची छाती व गुडघे चिंब होतील. दोष खोळीचा नव्हे. पावसाची दिशा बदललेली असते.

ती किती बदलते याचा हिशेब सोपा आहे. २ मिलिमीटर व्यासाचा थेंब स्थिर हवेतून सेकंदास सुमारे ६.५ मीटर वेगाने खाली येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा चालक सेकंदास सुमारे ११ मीटर पुढे सरकतो. या दोन वेगांची सदिश बेरीज केली असता चालकाच्या दृष्टीने पाऊस उभ्या रेषेशी सुमारे ६० अंशांचा कोन करून, म्हणजे वरून कमी आणि समोरून अधिक, येतो असे दिसेल. सापेक्ष वेग सेकंदास सुमारे १३ मीटर होतो, म्हणजे मूळ वेगाच्या दुप्पट. आणि आघाताचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो चौपट होतो. गाडी उभी असताना जो थेंब सुमारे २ मीटर उंचीच्या जलस्तंभाइतक्या दाबाने आदळतो, तोच धावत्या गाडीवर सुमारे ८ मीटर जलस्तंभाइतक्या दाबाने आदळतो. हा दाब क्षणमात्र व अत्यल्प क्षेत्रावर असतो, म्हणून त्याची तुलना स्थिर दाबाशी जशीच्या तशी करता येणार नाही. तथापि छत्रीखाली निभावून जाणारे कापड गाडीवर का निभावत नाही, याचा उलगडा त्यावरून होतो.

पाण्याच्या परिमाणाविषयी एक सार्वत्रिक गैरसमज आहे. पाऊस आला की बहुतेक चालक वेग वाढवितात. लवकर पोहोचलो म्हणजे कमी भिजू, असा त्यामागील तर्क. ताशी २० मिलिमीटर पाऊस पडत असताना एक घनमीटर हवेत सुमारे ०.८५ ग्रॅम पाणी थेंबांच्या रूपाने तरंगत असते. चालकाच्या समोरील बाजूचे क्षेत्रफळ अर्धा चौरसमीटर धरल्यास एक किलोमीटर जाताना तो ५०० घनमीटर हवा आपल्या अंगाने जणू झाडून काढतो, आणि त्यातील ४२५ ग्रॅम पाणी त्याच्यावर येते. या हिशेबात वेग कोठेच येत नाही. समोरून येणारे पाणी केवळ अंतरावर अवलंबून असते. कसबा बावड्यापासून विद्यापीठापर्यंत सात किलोमीटर धरले तर वारा पडलेला असताना सुमारे तीन लिटर पाणी छातीवर, मांड्यांवर व नडग्यांवर येणारच, मग गाडी ताशी २० ने चालवा की ४० ने. वेग वाढविल्याने कमी होते ते फक्त डोक्यावर व खांद्यांवर वरून पडणारे पाणी, आणि वाढतो तो आघाताचा दाब. ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वाढते ते वेगळेच. (बारीक थेंब हवेच्या झोताबरोबर बाजूस वळतात, त्यामुळे प्रत्यक्षातील आकडा काहीसा कमी भरेल.)

हे तीन लिटर पाणी ज्यावर येते त्या कापडाचे दोन प्रकार नीट वेगळे ओळखले पाहिजेत. पहिले जलप्रतिकारक. यात विणीची छिद्रे उघडीच असतात, पण धाग्यांवर असा लेप असतो की पाणी त्यांना चिकटत नाही व पृष्ठताणामुळे छिद्रात शिरत नाही. छिद्राची त्रिज्या १० मायक्रॉन व स्पर्शकोन ११० अंश धरल्यास असे कापड सुमारे अर्ध्या मीटर जलस्तंभाचा दाब सोसते. दुसरे जलरोधक. यात कापडाच्या पाठीमागे रबर, पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन यांचा सलग थर असतो व छिद्रे उरतच नाहीत. चार्ल्स मॅकिन्टॉश याने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून या प्रकाराचे एकस्व मिळविले. आपल्याकडे १९२० मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यास बेंगॉल वॉटरप्रूफ हा कारखाना काढला. त्याचा ‘डकबॅक’ रेनकोट अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. १९६९ मध्ये ताणलेल्या टेफ्लॉनचे सूक्ष्म सच्छिद्र पटल तयार झाले आणि पाणी अडवून बाष्प मात्र बाहेर सोडणारे श्वसनक्षम वस्त्र शक्य झाले. बाजारात हल्ली सर्वाधिक किंमत या शेवटच्या प्रकारास पडते.

मॅकिन्टॉशच्या कापडाविषयी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. कापड उत्तम होते; ते शिंप्यांकडे गेले, शिंप्यांनी नेहमीप्रमाणे सुईने शिवले, आणि कोट शिवणींतून गळू लागले. दोनशे वर्षे उलटली तरी बहुतेक रेनकोट तेथेच गळतात. याचे गणितही उद्बोधक आहे. सुईच्या छिद्राची त्रिज्या अर्धा मिलिमीटर धरली, तर वरील सूत्रानेच ते छिद्र केवळ १० मिलिमीटर जलस्तंभाचा दाब सोसेल. म्हणजे कापड दोन हजार मिलिमीटरचे असले तरी शिवण दहा मिलिमीटरचीच. एका इंचात दहा टाके धरल्यास पँटच्या दीड मीटर शिवणीत सुमारे ६०० छिद्रे होतात. धागा त्यांतील बरीच जागा व्यापतो हे खरे, पण धागाच केशाकर्षणाने पाणी आत ओढतो. यास्तव शिवणीवर आतून पट्टी चिकटविलेली आहे किंवा नाही, अथवा पीव्हीसी असल्यास शिवण उष्णतेने सांधलेली आहे किंवा नाही, हे कापडाच्या नावाआधी पाहावे. रेनकोट दुकानातच उलटा करावा. पट्टी असल्यास ती डोळ्यांनी दिसते.

सर्वांत कठीण जागा बैठकीची. चालकाच्या पुढ्यात, पेट्रोलच्या टाकीमागच्या खोलगटात पाणी साचते, वरून त्याचा स्वतःचा भार पडतो. ५० किलोग्रॅम भार ०.१ चौरसमीटरवर पसरला असे मानले तरी सरासरी दाब अर्धा मीटर जलस्तंभाइतका होतो, आणि बैठकीच्या हाडांखाली तो याच्या कित्येक पट असतो. नेमक्या याच जागी चार शिवणी एकत्र येतात. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी बरीच किंमत मोजून एक श्वसनक्षम पोशाख घेतला होता. पहिल्याच आठवड्यात सदरा कोरडा आणि बैठक ओली, अशा स्थितीत दोन तास प्रयोगशाळेत उभे राहण्याचा प्रसंग आला. बसणे शक्य नव्हते. पटल निर्दोष होते. त्या चार शिवणींच्या सांध्यावर पट्टीचा जेमतेम एक सेंटिमीटर तुकडा सुटलेला होता.

आता श्वसनक्षमतेचा प्रश्न. बाष्प पटलातून बाहेर पडते ते आतील व बाहेरील बाष्पदाबांतील फरकामुळे. ३४ अंश सेल्सिअस तापमानाच्या त्वचेशी संपृक्त बाष्पदाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. युरोपातील १० अंशांच्या व ९० टक्के आर्द्रतेच्या पावसाळी हवेत बाहेरील दाब १.१ असतो, फरक ४.२. आपल्याकडील जुलैची हवा २४ अंश व ९० टक्के आर्द्रता अशी धरली तर बाहेरील दाब २.७ आणि फरक केवळ २.६. म्हणजे तेच पटल येथे साठ-बासष्ट टक्के जोमाने काम करील, आणि बाहेरच्या कापडावरील लेप झिजून त्यावर पाण्याचा थर बसला की त्याहूनही कमी. दुसऱ्या बाजूने पाहू. चालकास तासाला १०० ग्रॅम घाम येतो असे मानले तर बावड्याहून विद्यापीठापर्यंतच्या पंधरा मिनिटांत २५ ग्रॅम घाम आत साठेल. समोरून येणाऱ्या तीन लिटर पाण्यापैकी एक टक्का जरी शिवणीतून आत आले तरी ते ३० ग्रॅम होते. पंधरा मिनिटांचा सगळा घाम एका टक्क्याच्या गळतीहून कमी भरतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पैसा कोठे खर्चावा याविषयी संदेह राहू नये. रोजच्या अल्प प्रवासास साधे लेपित कापड, पण सांधलेल्या शिवणींचे, हेच योग्य. येथून ५५ किलोमीटरवरील गगनबावड्यास, जेथे वर्षास ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, दीड-दोन तास भिजत जावयाचे असेल तर हा निष्कर्ष बदलतो. तेथे घामाचा वाटा वाढतो आणि श्वसनक्षम पटलाची किंमत वसूल होऊ शकते.

बेताविषयी थोडे. पाऊस समोरून येत असल्यामुळे छातीवरील चेन ही दुसरी गळकी जागा. तिच्यावर एक नव्हे, दोन झडपा हव्यात आणि त्यांमध्ये पाणी खाली वाहून जाण्यास पन्हळ हवी. बाहीच्या आत दुसरी लवचिक बाही असावी. पँट उभ्याने नव्हे तर बसून मापावी, कारण गुडघा वाकताच तिची कड वर सरकते आणि पाणी बुटात जाते. टोपी शिरस्त्राणाखाली घातली तर शिरस्त्राण नीट बसत नाही, वरून घातली तर बाजूचे दिसत नाही. ती काढता येणारी असावी आणि तिच्याऐवजी मानेभोवतीची पट्टी उंच असावी. बिनबाह्यांचा सैल झगा स्वस्त पडतो व चटकन अंगावर येतो, परंतु वाऱ्याने तो शिडासारखा फुगतो आणि त्याचे टोक साखळीत किंवा चाकात जाण्याचा धोका असतो. तो चालकाने वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. काळा व गडद निळा हे रंग मळत नाहीत म्हणून खपतात, पण पावसाच्या पडद्याआड तो चालक मागील ट्रकचालकास दिसत नाही. पिवळा घ्यावा.

साडी नेसून दुचाकीवर जाणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न मात्र यांपैकी कशानेच सुटत नाही. पँट चढविणे त्यांना गैरसोयीचे, म्हणून त्या लांब कोट घेतात. तो गुडघ्याखाली उघडा राहतो, आणि वरील हिशेबाप्रमाणे सर्वाधिक पाणी जेथे येते तेथेच साडीचा घोळ भिजतो. पायघोळ वेष्टन बांधावे तर चाकाचा धोका येतो. बाजारात यावर समाधानकारक बेत आमच्या पाहण्यात नाही. इचलकरंजीसारखे वस्त्रोद्योगाचे केंद्र तीस किलोमीटरवर असता हा विषय एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास अपुरा ठरू नये.

खरेदीनंतर, पहिल्या पावसाआधी, घरी करावयाच्या दोन परीक्षा सांगून ठेवतो. रेनकोटबरोबर पुष्कळदा त्याच कापडाची पिशवी मिळते. एक मीटर लांबीच्या पारदर्शक नळीच्या तोंडावर त्या पिशवीचे कापड, लेपाची बाजू बाहेर ठेवून, घट्ट बांधावे, ते तोंड खाली धरावे आणि नळी पाण्याने काठोकाठ भरावी. कापडावर ९.८ किलोपास्कल दाब येईल. पावसाळी वस्त्रांच्या युरोपीय मानकात, ई.एन. ३४३ मध्ये, पहिल्या श्रेणीस ८ व तिसरीस १३ किलोपास्कलची अट आहे. तेव्हा पाच मिनिटांत खालून थेंब न फुटल्यास कापड पहिल्या श्रेणीच्या पुढचे समजण्यास हरकत नाही. दुसरी परीक्षा शिवणीची. पँट दोरीवर धरून तिच्या बैठकीच्या झोळात दोन तांबे पाणी ओतावे व खालून कोरडा कागद लावून पाहावे. कागदावर डाग उमटलाच तर पावती हातात असतानाच तो उमटलेला बरा.

पावसाळा संपल्यावर रेनकोट घडी घालून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. पीव्हीसीतील मार्दवकारक द्रव्य उष्णतेने निघून जाते व घडीवर भेगा पडतात. पॉलियुरेथेनचा थर दमट उष्णतेत जलविच्छेदनाने चिकट होऊन सुटू लागतो. साबणचुऱ्याने धुतल्यास बाहेरचा प्रतिकारक लेप निकामी होतो, म्हणून साध्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा आणि घडी न घालता कपाटात खुंटीस टांगावा. मे महिन्याच्या अखेरीस तो उजेडासमोर धरून बैठक, काखा व कोपरे तपासावेत. पट्टी सुटली असेल तर नवी चिकटविता येते. थर सुटला असेल तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नये.