खुरपं घेताना काय बघाल?

परवा जिंतूरच्या बाजारात रस्त्याकडेला घिसाडी बांधवांचा भाता चालू होता. एक मावशी आल्या आणि म्हणाल्या, "पाट्याचं खुरपं द्या." अगदी बरोबर मागणी!

पाटा म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी. तिच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, साध्या पत्र्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून पाट्याला पाणी चढतं आणि धार टिकते.

लालबुंद पातं पाण्यात विझवलं की ते कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून जाणता कारागीर ते पुन्हा हलकं तापवतो. ही दुसरी आच चुकली, तर आपल्या काळ्या रानात दगड लागताच धारेचा टवका उडतो.

घेताना धारेवर कानस हलकी फिरवा. घसरली तर पाणी चांगलं. सहज चावली तर धातू मऊ आहे. मूठ बाभळीची आणि शेंबी घट्ट हवी.

सोयाबीन-कापसातली खुरपणी, रोपांची आळी, भुईमूग उकरणं, फावड्याला चिकटलेला चिखल काढणं, सगळं यानंच होतं. माझ्या मते घरात एकच अवजार ठेवायचं, तर हेच.

धार लावण्याबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, जमेल तसं सांगतो.