सोनेरी सुयांचा स्फटिक: खडा घेताना त्याची पाठ का बघावी?

आलापल्ली म्हटलं की सागवान आठवतं. सागाचा ओंडका चिरायला घेण्याआधी जाणता कारागीर तो फिरवून फिरवून बघतो. गाठ कुठे आहे, रेषा कुठे जातात, कुठून चिरला तर फळी देखणी निघेल, हे आधी ठरतं. करवत नंतर चालते. एकदा चुकीच्या बाजूने चिरलेला ओंडका पुन्हा जोडता येत नाही.

दगडाच्या बाबतीतही अगदी हेच होतं. हाताने बनवलेल्या चांदीच्या दागिन्यांच्या रील्समध्ये तुम्ही एक खडा नक्की पाहिला असेल. काचेसारखा आरपार, आणि आत सोनेरी केस अडकल्यासारख्या बारीक सुया. याला रुटाइल क्वार्ट्झ म्हणतात. दिसायला सुंदर, पण घेणाऱ्याने आणि बनवणाऱ्याने दोन गोष्टी समजून घ्यायलाच हव्यात. एक, या खड्याची पाठ. दुसरी, त्याची धूळ.

या सुया म्हणजे नेमकं काय?

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. ती पारदर्शक असली की आपण तिला स्फटिक म्हणतो. आतल्या सुया रुटाइल नावाच्या खनिजाच्या, म्हणजेच टायटॅनियम डायऑक्साइडच्या असतात. हेच रसायन पांढऱ्या रंगाच्या डब्यातही असतं. खनिजात मात्र लोहाचा अंश मिसळला की ते सोनेरी, तांबूस किंवा तपकिरी दिसतं.

सुया चमकतात कशाने? प्रकाश वाकवण्याची रुटाइलची ताकद हिऱ्यापेक्षाही जास्त आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, रुटाइलचा २.६ च्या पुढे आणि स्फटिकाचा जेमतेम १.५४. एवढा फरक असल्यामुळे आतली सुई आरशासारखी लकाकते. ब्राझीलच्या बाहिया राज्यातला असा दगड जगभर नावाजलेला आहे.

आपल्याकडे ही कला नवी आहे का?

मुळीच नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला महापाषाणयुगातली शिळावर्तुळं आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केलं. अकीक, कार्नेलियन अशा दगडांचे मणी बनवण्याचं ते जुनं केंद्र होतं. म्हणजे कठीण दगड घासून त्याला चमक आणण्याचं काम विदर्भात दोन हजार वर्षांहून जुनं आहे.

कापताना काय बघतात?

पैलू न पाडता वरून गोलसर घुमट आणि खाली सपाट तळ ठेवलेल्या खड्याला कॅबोशॉन म्हणतात. रुटाइल क्वार्ट्झसाठी हाच आकार जास्त सोयीचा. पैलूंच्या चकाकीत सुया हरवतात, घुमट मात्र भिंगासारखा काम करून त्या मोठ्या दाखवतो.

कापण्याआधी दगड ओला करून उजेडात धरतात आणि सुयांची दिशा बघतात. सुया तळाला समांतर राहिल्या तर त्या लांबलचक दिसतात. उभ्या राहिल्या तर वरून फक्त ठिपके दिसतात. एकाच बिंदूतून सुया फुटल्या असतील तर तो बिंदू घुमटाच्या मध्यावर आणतात. हे ठरलं की पाण्याच्या धारेखाली हिरकणीच्या पात्याने चकती कापतात.

पॉलिशची खरी अडचण

चकतीला आकार देण्यासाठी ती काडीवर चिकटवतात. जुने कारागीर त्यासाठी लाख वापरतात, तीच आपल्या पळसा-कुसुमावरची लाख. मग भरड चाकापासून बारीक चाकापर्यंत घासत जातात: ८०, २२०, ६००, १२००, ३०००. शेवटी चामड्यावर किंवा नमद्यावर सेरियम ऑक्साइडने चमक आणतात.

अडचण अशी की क्वार्ट्झची कठीणता ७ आणि रुटाइलची ६ ते ६.५. जी सुई पृष्ठभागापर्यंत आलेली असते, ती आजूबाजूच्या दगडापेक्षा लवकर झिजते किंवा उखडते. तिथे बारीक खड्डा पडतो आणि पांढरी भुकटी अडकून बसते. उपाय दोनच: हात हलका ठेवायचा आणि कोणतीही पायरी गाळायची नाही. ६०० चा ओरखडा राहिला तर ३००० च्या चाकावर कितीही वेळ घालवा, तो जात नाही.

पाठीला काय लावतात, आणि का?

खडा पारदर्शक असल्यामुळे त्याच्यामागे जे असेल तेच दिसतं. अंगठीत बोटाची कातडी, लॉकेटमागे कुडत्याचा रंग. त्यात सोनेरी सुया फिक्या पडतात. म्हणून तळाला दुसऱ्या दगडाची किंवा शिंपल्याची पातळ चकती चिकटवतात. यालाच बॅकिंग म्हणतात. ही युक्तीही जुनीच. कुंदनकामात खड्याखाली चकचकीत पत्रा घालतात, तो याचसाठी.

काळा ओनिक्स लावला तर मागून येणारा उजेड थांबतो आणि सोनेरी सुया उठून दिसतात. शिंपल्याची चकती उजेड परत वर फेकते, त्यामुळे तांबूस किंवा गडद सुयांना ती शोभते.

चिकटवायला दोन भागांचं पारदर्शक एपॉक्सी वापरतात. तळ सपाट घासून, स्पिरिटने पुसून, बुडबुडा न राहू देता दाबून एक दिवस ठेवतात. इथे एक गंमत आहे. एपॉक्सीचा अपवर्तनांक स्फटिकाच्या जवळपास असल्याने तळावरचे बारीक ओरखडे त्यात भरून नाहीसे होतात. म्हणून बॅकिंग लावायचं असेल तर तळ ६०० पर्यंत घासला तरी पुरतो. पाठ उघडी ठेवायची असेल तर मात्र तळालाही वरच्या इतकंच पॉलिश लागतं, नाहीतर प्रत्येक ओरखडा समोरून दिसतो.

मग यात फसवणूक कुठे आहे?

बॅकिंग असणं ही फसवणूक नाही, ते लपवणं ही फसवणूक आहे. पातळ चकतीला काळी पाठ लावून ती अखंड जाड खडा म्हणून विकली जाऊ शकते. मागून चांदी बंद असेल तर कळायला मार्ग नाही.

म्हणून घेताना तीन गोष्टी करा. खडा कडेने बघा, जोड असेल तर रेषा दिसते. आत गोल बुडबुडे दिसतात का बघा. डिंकाच्या थरातला बुडबुडा म्हणजे काम कच्चं, आणि खड्यातच बुडबुडे असतील तर ती काच असू शकते. आणि सरळ विचारा, "पाठीला काय लावलंय?" प्रामाणिक कारागीर लगेच सांगतो.

बॅकिंगचा खडा घेतला तर तो गरम पाण्यात बुडवून ठेवू नका आणि अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू नका. दुरुस्तीला देताना सोनाराला आधी सांगा. झाळकामाच्या उष्णतेने जोड सुटतो.

घरी करून बघायचं असेल तर

रील बघून हातातल्या ग्राइंडरवर कोरडा दगड घासायला बसू नका. क्वार्ट्झची धूळ म्हणजे सिलिका. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, जो बरा करणारं औषध नाही, आणि क्षयाचा धोकाही वाढतो. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांनी ही किंमत मोजलेली आहे. घासताना पाणी हवंच, तोंडावर एन ९५ मास्क हवा. खाली साचलेला चिखल वाळवून झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. वाळला की तीच धूळ होते.

सरावाला महागडा दगड लागत नाही. साधी पांढरी गारगोटी तेवढीच कठीण असते, हात त्यावर बसवता येतो. फक्त ती जंगलातून उचलू नका. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'ला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे, आणि पुढे सिरोंचा तालुक्यात वडधमला झाडांचे आणि डायनोसॉरचे जीवाश्म आहेत. दगड झालेल्या लाकडाला सुंदर चमक येते हे खरं, पण कापलेला जीवाश्म कायमचा गेला.

तेव्हा पुढच्या वेळी असा खडा हातात आला की आधी सुया बघा, मग तो उलटा करा. आणि बनवणारा ओळखीचा असेल तर एवढं जरूर विचारा, "पाण्यावर घासतोस ना?"