घोडी भाड्याची, मोजडी स्वतःची

जळगावच्या ४५ डिग्रीत राहून ही मुलगी स्कीइंगवर काय लिहिते आहे, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे बर्फ म्हटला की उसाच्या रसातला, नाहीतर गाडीवरच्या गोळ्याचा! पण हिवाळी परीक्षा संपली की होस्टेलमधला एखादा तरी ग्रुप भुसावळहून पंजाब मेल किंवा झेलम पकडून दिल्लीला आणि तिथून बसने मनालीला जातोच. यंदा आमच्या विंगमधल्या पाच जणी जाणार आहोत, आणि तेही नुसता बर्फ अंगावर उडवून फोटो काढायला नाही, तर स्कीइंग शिकायला.

तिकिटं काढायच्या आधीच वाद सुरू झाला : स्की विकत घ्यायची की भाड्याने? दोन जणी म्हणाल्या, "एकदाच घेऊन टाकू, आयुष्यभर कामाला येईल." दोघी म्हणाल्या, "पागल आहात का?" पाचवी मी. मेकॅनिकल थर्ड इयर! मी म्हटलं, भांडण कशाला, गणित मांडू. त्या गणिताचाच हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची असल्याने माझं मराठी जरा धेडगुजरी आहे, सांभाळून घ्या.)

आधी वस्तू समजून घेऊ

स्की म्हणजे पायाला लावायची लांब, अरुंद पट्टी. आत लाकडाचा गाभा, वर-खाली फायबरचे थर, दोन्ही कडांना स्टीलची धार आणि तळाला पॉलिइथिलीनचा गुळगुळीत थर. प्लॅस्टिकच्या चटयांच्या गावात राहणाऱ्यांना पॉलिमर काही परका नाही. या तळावर मेण लावतात, म्हणजे ती बर्फावरून नीट घसरते. पूर्वी स्की सरळ आणि दोन-दोन मीटर लांब असायच्या. १९९० च्या दशकात मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद असा आकार आला, तेव्हापासून त्या आखूड झाल्या आणि वळणं घेणं सोपं झालं. आता नवशिक्याला साधारण हनुवटीपर्यंत येईल एवढी स्की देतात.

दुसरी वस्तू म्हणजे बूट. कडक प्लॅस्टिकचं कवच आणि आत मऊ अस्तर. तिसरी वस्तू म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारी क्लिप, तिला बाइंडिंग म्हणतात. चौथी म्हणजे हातातल्या दोन काठ्या. बाकी गॉगल, हातमोजे, पायमोजे, थर्मल आणि पाणी आत न येणारे कपडे.

सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. 'सामान' म्हणून आपण एकच ढीग समजतो आणि एकच प्रश्न विचारतो. खरं तर प्रत्येक वस्तूला प्रश्न वेगळा विचारायला हवा.

होस्टेलच्या कूलरचं गणित

पासआउट होणाऱ्या सिनियरकडून आपण जुना कूलर घेतो तेव्हा कुणी दोनदा विचार करत नाही. का? कारण मार्च ते जून तो रोज चालतो. वर्षाचे शंभर दिवस वापरायची वस्तू विकत घ्यावी, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. उलट लग्नातल्या पाचशे पानांच्या पंक्तीसाठी मोठी पातेली आणि कढया कुणी विकत घेत नाही, मंडपवाल्याकडून आणतो. प्रश्न फक्त मधल्या वस्तूंचा आहे, आणि त्यासाठी सोपं सूत्र आहे :

खरेदीची किंमत वजा पुढे विकून येणारी रक्कम, भागिले वापराची वर्षं. त्यात दर वर्षीची देखभाल आणि ने-आण मिळवा. आलेल्या बेरजेला एका दिवसाच्या भाड्याने भागा. उत्तर येईल तितके दिवस दर वर्षी वस्तू वापरली, तर खरेदी आणि भाडं सारखं पडतं. त्याहून कमी वापर असेल तर भाडं स्वस्त.

आता आकडे घालू. हे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी मी धरलेले आहेत. तुम्ही विचारून आलेला भाव घाला. समजा स्की, बाइंडिंग आणि काठ्या मिळून ४०,००० रुपये. सहा वर्षांनी १०,००० ला विकलं. म्हणजे ३०,००० भागिले ६, वर्षाला ५,०००. धार लावणं आणि मेण १,५००. ने-आण १,५००. एकूण वर्षाला ८,०००. भाडं दिवसाला ८०० धरलं तर उत्तर येतं १० दिवस. म्हणजे सलग सहा वर्षं, दर वर्षी दहा दिवस बर्फावर. ते ४०,००० बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाचे २,४०० व्याज आलं असतं. ते धरलं की १० चे १३ दिवस होतात.

आमची सहल आठ दिवसांची, त्यातले बर्फावर पाच. भाडं ४,०००. झालं गणित!

आणि 'सलग सहा वर्षं' हे शब्द पुन्हा वाचा. पुढच्या वर्षी प्लेसमेंट, मग नोकरी, मग रजा मिळेल तेव्हा. एखाद्या वर्षी गेलो नाही तर भाड्याचा खर्च शून्य. विकत घेतलेल्या स्कीचे ५,००० मात्र कॉटखाली पडूनही जातच राहतात.

बर्फ पडेलच याचीही हमी नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं. २०२५ मध्ये तर तिथला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा फेब्रुवारीतला टप्पा बर्फ कमी म्हणून पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. जिथे राष्ट्रीय स्पर्धा थांबतात, तिथे आपल्या पाच दिवसांचं काय!

मिळून घेतली तर?

हा मुद्दा आमच्यातल्या एकीने काढला : "पाच जणींनी वर्गणी काढून दोन सेट घेऊ." कॅरम बोर्ड असा चालतो, कारण सगळे एकाच वेळी खेळत नाहीत. पण परीक्षा सगळ्यांची एकदमच संपते आणि बर्फही तेव्हाच असतो, म्हणजे मागणी एकाच आठवड्यात. शिवाय बूट पायाच्या मापाचा आणि स्की उंची-वजनाच्या हिशोबाने. पाच जणींत वाटून घेता येते ती मॅगी, स्की नाही.

वापर ५ दिवस, म्हातारपण ३६५ दिवस

काही वस्तू वापरल्याने झिजतात, काही नुसत्या वेळेने. स्कीचं सामान दोन्हीने झिजतं. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत काय तापमान होतं हे खानदेशच्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात बुटाचं प्लॅस्टिक आणि स्कीतला गोंद तापणार, पावसाळ्यात स्टीलच्या धारेला गंज चढणार. प्लॅस्टिक जुनं झालं की ठिसूळ होतं. बाहेरून चकाचक दिसणारा बूट थंडीत जोर आला की तडकतो. भाड्याच्या दुकानातली स्की तरी दर हंगामात वापरात असते, मालक तिला धार लावतो. आपली मात्र वर्षभर गादीखाली झोपलेली.

ने-आण वेगळीच. रेल्वेच्या नियमाप्रमाणे डब्यात न्यायच्या पेटीचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटर. त्याहून मोठं सामान ब्रेक व्हॅनमध्ये बुक करायचं. आखूड म्हटली तरी स्की १४० सेंटीमीटरची! आमची धुळ्याची मैत्रीण आधी चाळीसगावला येणार आणि मग पुढची गाडी पकडणार. तिने ती जनरल डब्यात कशी धरायची?

गुडघ्याचा फ्यूज

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाइंडिंगचं काम नुसतं पाय धरून ठेवणं नाही, वेळेवर सोडणं हेसुद्धा आहे. स्कीचं टोक पायापासून साधारण ७० सेंटीमीटर पुढे असतं. पडताना तिथे २०० न्यूटनचा आडवा धक्का बसला तर नडगीवर १४० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. ७० सेंटीमीटरच्या पान्याने घट्ट नट फिरवतो तेच हे, फक्त नटाच्या जागी आपला पाय. ठरावीक पिळाला बाइंडिंग उघडलं तर स्की सुटते आणि आपण बर्फात लोळतो. नाही उघडलं तर हाड किंवा गुडघ्याचा लिगामेंट जातो. घरातला फ्यूज जे काम करतो तेच.

या फ्यूजचं रेटिंग कसं ठरवायचं यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ११०८८. त्यात वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पातळी बघतात. म्हणजे एका माणसाचं सेटिंग दुसऱ्याला चालत नाही, आणि ते करायला माणूस आणि मशीन लागतं. ते आपल्या जिल्ह्यात कुठे मिळणार? विकत घेतलेल्या स्कीचं खरं उणं हे आहे : वस्तू आपली होते, मेकॅनिक आपला होत नाही.

रूममेटचा सेट

हे सगळं कागदावर चाललं असताना माझ्या रूममेटला ओळखीतून एक ऑफर आली. परदेशातून परत आलेल्या एका कुटुंबाकडे पूर्ण जुना सेट होता, बुटांसकट १२,००० रुपये. पंधरा दिवसांच्या भाड्यात कायमची मालकी! तिचे वडील यावलकडे केळी लावतात. त्यांनी फोनवर आधी विचारलं, "बरफ देखाले इतला पैसा?" आणि मग दोन मिनिटांनी, "तुले पाहिजे व्हई तर ले." केळीच्या घराला १२,००० म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने 'हो' म्हणायच्या आधी मापं मागवली.

स्की १७५ सेंटीमीटर. हिची उंची १५५. बूट २७ नंबर; हिचा पाय २३.५ सेंटीमीटर. (स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटीमीटरमध्ये लांबी, चप्पलच्या नंबरशी त्याचा संबंध नाही.) बाइंडिंग इतकं जुनं की त्याचे सुटे भाग मिळणं मुश्कील. म्हणजे १२,००० देऊन तिच्या हातात दोन सुंदर फळ्या आल्या असत्या, आणि बूट भाड्याने घ्यावे लागलेच असते. तिने वडिलांना फोन करून नको म्हणून सांगितलं. त्यातले काही पैसे कोर्सच्या फीला गेले, बाकीचे घरी राहिले.

मग विकत काय घ्यायचं?

लग्नात नवरदेव घोडी भाड्याने आणतो, पण पायातली मोजडी विकत घेतो. तोच नियम इथे लावा : जे अंगाला लागतं ते आपलं, जे बर्फाला लागतं ते भाड्याचं.

पायमोजे, हातमोजे आणि थर्मल पहिल्याच वर्षी घ्या. दुसऱ्याच्या घामाचे मोजे कोण घालणार? शिवाय धुळ्याचा पारा हिवाळ्यात ५-६ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा थर्मल इथेही कामाला येतात. म्हणजे सूत्रातले वापराचे दिवस वाढले. गॉगलही स्वतःचा घ्या, अतिनील किरण अडवणारा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ऊन वरून आणि खालून असं दोन्हीकडून लागतं.

बूट तिसऱ्या सहलीला. दोनदा जाऊन आलात आणि पुन्हा जायचं नक्की असेल तर आधी बूट घ्या, स्की नाही. बूट नीट बसला तरच पायाचा इशारा स्कीपर्यंत पोचतो. आम्हा मुलींना हे जास्त लागू, कारण लहान मापाचे बूट भाड्याच्या दुकानात कमी असतात आणि 'दोन मोजे घाला, बसेल' असं सांगून मोठा बूट गळ्यात मारतात.

आणि स्की? ती त्यांच्यासाठी, ज्यांच्या दारात बर्फ आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान होता. तो गुलमर्गच्या भागातला, आणि त्याच्या वडिलांचं तिथे स्कीच्या साहित्याचं दुकान. त्याने भाड्याने घ्यायची गोष्टच येत नाही!

भाड्याने घेताना

शिकायचंच असेल तर पहिला पर्याय म्हणजे संस्थेचा कोर्स. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि गुलमर्गची केंद्र सरकारची स्कीइंग संस्था असे कोर्स घेतात. फीमध्ये स्की, बूट, राहणं, जेवण यातलं काय काय येतं ते अर्ज भरायच्या आधी वाचा. सामान त्यात असेल तर भाड्याचा प्रश्नच मिटला.

सोलंगच्या रस्त्यावरच्या दुकानातून घेणार असाल तर एवढं करा :

१. बूट बसून नाही, उभं राहून बघा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागे सरली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर लहान माप मागा. मोजा एकच, जाड आणि लांब.

२. दुकानदाराने वजन विचारलं नाही तर आपण सांगा आणि बाइंडिंग समोर सेट करायला लावा. कंटाळा करत असेल तर पुढचं दुकान.

३. स्कीच्या धारेवरून कापड फिरवा. अडकलं तर धार तुटलेली आहे. तळाला खोल चर नाही ना, तेही बघा.

४. बूट काढला की स्कीचा ब्रेक खाली येतो का बघा, नाहीतर सुटलेली स्की उतारावरून कुणाच्या तरी अंगावर जाईल.

५. सामानाचे आधीचे ओरखडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. डिपॉझिटची पावती घ्या. ओळखपत्राची झेरॉक्स द्या, ओरिजिनल देऊ नका.

६. दिवसाचा नाही, पूर्ण पाच दिवसांचा भाव विचारा. घासाघीस करायला आपण खानदेशी कमी नाही!

हे सूत्र फक्त स्कीपुरतं नाही. ट्रेकची सॅक, तंबू, गॅदरिंगची शेरवानी, प्रोजेक्टसाठीचं महागडं मशीन, सगळ्याला लागू पडतं. वर्षाचे किती दिवस लागेल, उरलेले दिवस कुठे ठेवणार, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं घरच्यांना तोंड वर करून सांगता आली तर खुशाल विकत घ्या.

आमच्या पाच जणींचं ठरलं आहे. मोजे आपले, स्की मनालीची. पडण्याचा अनुभव मात्र प्रत्येकीचा स्वतःचा असेल, तो काही भाड्याने मिळत नाही!