कोपर दुखतंय? कोयता हातात असेल तर हे वाचा

चलथाण : साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की डांग, नंदुरबार, धुळ्याकडची कोयता जोडपी या पट्ट्यात उतरतात. मग कुणाचं ना कुणाचं कोपर बाहेरच्या बाजूने ठणकू लागतं. चहाचा कपही उचलवत नाही.

हाच टेनिस एल्बो. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये झाला होता, २००५ ला लंडनमध्ये ऑपरेशन करावं लागलं. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला कंडरेने जोडलेले असतात. कोयत्याची मूठ आवळली की ताण तिथेच येतो. रोज तेच काम, त्यामुळे तंतू भरून यायच्या आत पुन्हा झिजतात. नुसत्या मालिशने भागत नाही ते यामुळेच.

टनावर मजुरी असताना "आराम करा" सांगणं सोपं आहे. निदान मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा, ओझं तळहात वर ठेवून उचला, जोडीदाराशी काम आलटून-पालटून घ्या. दुखणं जरा उतरलं की हात टेबलावर पालथा ठेवा, पंजा कडेबाहेर. पाण्याची छोटी बाटली धरून दुसऱ्या हाताने पंजा वर उचला आणि सावकाश खाली सोडा. सौम्य दुखलं तर चालेल, वाढलं तर थांबा. फरक पडायला महिने लागतात.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लगेच बरं वाटतं खरं, पण वर्षभराने इंजेक्शन न घेतलेलेच बहुधा जास्त बरे असतात. करंगळीला मुंग्या, सूज-ताप किंवा कोपर सरळ होत नसेल तर मात्र थेट डॉक्टर गाठा.